युद्धावर गेलेल्या बिशपाबद्दल बोलायचं तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सेमिनरीच्या (पाळक घडवणाऱ्या विद्यालयाच्या) शेवटच्या वर्षात आहात, वर्गासमोर वीस मिनिटं बोलायचं आहे आणि विषय मिळालाय ‘युद्धात चॅपलेन (सैन्यासोबतचा पाळक) राहिलेला एक अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतला) बिशप’. कुणाला निवडावं, शौर्याच्या गोष्टींपलीकडे काय सांगावं, आणि हातात बंदूक नसलेला माणूस रणांगणावर नेमकं करतो तरी काय, असं तुम्ही विचारलंय. मी एकतीस वर्षं पाळक होतो, त्यातली शेवटची अकरा रुग्णालयाच्या सेवेत गेली. युद्ध मी पाहिलेलं नाही. पण मरणाऱ्याच्या खाटेजवळचं स्टूल माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. तेवढ्या अधिकारावर लिहितो.

आधी माणूस ठरवू. या विषयावर हमखास दोन नावं पुढे येतात आणि दोन्ही तुम्हाला अडचणीत आणतील. एक स्टडर्ट केनेडी, पहिल्या महायुद्धातला चॅपलेन, सैनिकांना वुडबाइन सिगारेटी वाटणारा ‘वुडबाइन विली’. माणूस मोठा, पण तो बिशप कधीच झाला नाही. दुसरे लेनर्ड विल्सन, ज्यांचा 1943 मध्ये जपान्यांनी सिंगापुरात छळ केला. पण ते तेव्हा चॅपलेन नव्हते, सिंगापूरचे बिशपच होते. कुणीतरी हात वर करून हे विचारणारच. म्हणून मी सुचवतो ख्रिस्तोफर मॉड शव्हास. नावाचा उच्चार असाच करा, स्पेलिंग पाहून ‘चावासे’ म्हणू नका. आमच्या काळी एकाने म्हटलं होतं आणि वर्षभर त्याला सगळे चावासेच म्हणायचे.

आणखी एक सावधगिरी. हे नाव शोधायला गेलात की दहापैकी नऊ ठिकाणी त्याच्या जुळ्या भावाची, नोएलची माहिती मिळेल. नोएल शव्हास सैन्यात डॉक्टर होता. पहिल्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, दोनदा मिळवणारा तो एकमेव. (एकूण इतिहासात असे तिघे आहेत, ‘जगात एकमेव’ असं म्हणू नका.) नोएल वीस मिनिटांनी मोठा. ख्रिस्तोफरचं आयुष्य बहुतेकजण नोएलच्या गोष्टीचं शेपूट म्हणून सांगतात. ते तुम्ही टाळलंत तर अर्धं काम झालं.

दोघांचा जन्म 9 नोव्हेंबर 1884 चा, ऑक्सफर्डमधल्या न्यू इन हॉल स्ट्रीटवरचा. वडील फ्रान्सिस शव्हास तिथल्या सेंट पीटर-ले-बेली मंडळीचे रेक्टर, म्हणजे मुख्य पाळक, होते. घरात सात मुलं आणि त्यात जुळ्यांच्या दोन जोड्या. धाकट्या जोडीतल्या मार्जरी आणि मे या बहिणी पुढे शंभरी ओलांडून जगल्या. 1900 मध्ये वडील लिव्हरपूलचे बिशप झाले आणि सगळं बिऱ्हाड तिकडे गेलं. तिथलं अजस्र कॅथेड्रल उभारायला याच वडिलांनी सुरुवात केली, पायाचा दगड 1904 चा आहे. जुळे भाऊ ऑक्सफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात गेले आणि दोघेही पळण्यात पटाईत निघाले. 1908 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये दोघे 400 मीटर धावले. प्राथमिक फेरीत ख्रिस्तोफर आपल्या गटात दुसरा आला, नोएल त्याच्या गटात तिसरा. पुढे फक्त पहिला जाणार होता, त्यामुळे दोघेही तिथेच थांबले. त्याच्या आदल्या वर्षी मात्र नोएल पहिल्या वर्गात पास झाला होता आणि ख्रिस्तोफर नापास. चेहरा सारखा, अंगकाठी सारखी, आणि निकालाच्या दिवशी एक इथे तर एक तिथे. आपल्याकडे अशा घरात काय बोललं जातं ते सांगायला नको.

पुढे परीक्षा देऊन, दीक्षा घेऊन 1910 मध्ये तो सेंट हेलेन्स या गावी उपपाळक म्हणून लागला. काच कारखाने आणि कोळशाच्या खाणींचं गाव. नंतर काही काळ त्याने बिशप वडिलांच्या हाताखाली काम केलं. तेवढ्यात ऑगस्ट 1914 उजाडला आणि ख्रिस्तोफरने चॅपलेन म्हणून नाव दिलं.

आता तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण त्याच्याशिवाय या माणसाचं पुढचं काहीच कळत नाही.

युद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिश सैन्यात सगळ्या पंथांचे मिळून 117 चॅपलेन होते. संपताना तीन हजारांच्या वर. सैनिक त्यांना ‘पाद्रे’ म्हणत, अजूनही म्हणतात. शब्द मूळ पोर्तुगीज, पण ब्रिटिश फौजेत तो हिंदुस्थानच्या छावण्यांमधून शिरला. आपला ‘पाद्री’ त्याच मुळाचा. म्हणजे गोवा-वसईकडे रुळलेला शब्द बेल्जियममधल्या फ्लँडर्सच्या चिखलात इंग्रज पोरांच्या तोंडी होता. भाषणाची सुरुवात यानं केलीत तर वर्ग जागा होईल.

या पाद्रेला हत्यार नाही. हुद्दा मात्र कॅप्टनच्या बरोबरीचा, आणि इथंच गोची होती. आपल्या भारतीय सैन्यात धर्मगुरू असतात, पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री, ते जेसीओ (सुभेदारांसारखे कनिष्ठ अधिकारी) म्हणून घेतले जातात, म्हणजे जवानांच्या बऱ्याच जवळचे. इंग्रज चॅपलेन जेवायला अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये, बोलायला ऑक्सफर्डची इंग्रजी, आणि समोरचा सैनिक खाणकामगाराचा पोरगा. रविवारची उपासना सक्तीची असायची, कवायतीसारखी रांगेत उभं राहून. सक्तीच्या उपासनेतून माणूस काय घेऊन जातो ते तुम्ही वसतिगृहात राहिला असाल तर ठाऊक असेल.

सुरुवातीला चॅपलेनची जागा मागच्या रुग्णालयांत आणि फील्ड अँब्युलन्समध्ये (फिरत्या वैद्यकीय पथकांत) असे. पुढच्या फळीत तो अडगळच, असा बऱ्याच वरिष्ठांचा समज होता. 1916 पर्यंत हे बदललं. ख्रिस्तोफरही रुग्णालयापासूनच सुरू झाला. काम असं: जखमींची पत्रं लिहायची, चहा आणि सिगारेट पोचवायची, मागतील त्यांना प्रभुभोजन द्यायचं, दफनं करायची, आणि मग दफन केलेल्याच्या आईला पत्र लिहायचं. शेवटचं काम सगळ्यात जड. एका दिवसात अशी किती लिहावी लागत असतील याचा विचार करा, आणि प्रत्येकीला तिचा मुलगा एकच.

पत्रं लिहिणं म्हणजे किरकोळ काम असं तुम्हाला वाटू शकतं. मलाही वाटायचं. रुग्णालयात एकदा मावळातला एक शेतकरी होता, घशाची शस्त्रक्रिया झालेला, बोलता येत नव्हतं. मी प्रार्थनेचं पुस्तक उघडायला लागलो तर त्याने मान हलवली. उशाखालून मोबाइल काढला, बायकोचा नंबर लावायला लावला आणि पाटीवर लिहिलं: ‘भात लावून झाला का विचारा.’ मी विचारलं. झाला होता, वरचं एक खाचर राहिलं होतं. ते मी त्याला सांगितलं, त्याने डोळे मिटले. त्या दिवशीची माझी सगळी सेवा एवढीच. पोर्सिलेनच्या कपातून चहा पिणाऱ्या ऑक्सफर्डच्या पदवीधराला असंच काहीतरी पहिल्या महिन्यातच शिकावं लागलं असणार.

दफनाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण भाषणात दाखवता येण्याजोगी एक वस्तू इथे आहे. सैनिकाच्या गळ्यात ओळखीची चकती असे, नाव, नंबर, पलटण, धर्म कोरलेली. 1916 च्या उत्तरार्धापर्यंत ती एकच असायची. मेलेल्याची नोंद करायला चकती काढून नेली की कागदावर नाव लागायचं, पण मागे उरलेलं शरीर बेनाव व्हायचं. सप्टेंबर 1916 मध्ये हुकूम निघाला की चकत्या दोन हव्यात, एक न्यायची, एक देहावरच ठेवायची. त्याच्या महिनाभर आधी, 9 ऑगस्टला, फ्रान्समधल्या गिलेमाँच्या लढाईत नोएलने पहिला व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. दिवसभर उघड्यावर, माऱ्याखाली जखमींवर उपचार. रात्री शत्रूच्या खंदकासमोर जखमींचा शोध. दुसऱ्या रात्री वीस स्वयंसेवक घेऊन पुन्हा तिथे. त्या रात्री शत्रूच्या खंदकापासून 25 यार्डांवरच्या खड्ड्यातून त्याने तिघांना आणलं, दोन अधिकाऱ्यांना पुरलं आणि बऱ्याच चकत्या गोळा केल्या. हे शेवटचं वाक्य सरकारी प्रशस्तिपत्रातच आहे आणि लोक ते वाचून पुढे सरकतात. डॉक्टरला चकत्यांशी काय देणंघेणं? पण नोएल बिशपाच्या घरात वाढलेला होता. कुणाच्या तरी आईला नक्की काय झालं ते कळलं पाहिजे, हे त्याला सांगावं लागलं नसेल.

माझी एक चूक इथे कबूल करतो, तुमच्या उपयोगी पडेल. नव्याने दीक्षा झाल्यावर एका दफनविधीत मी मयताच्या जागी त्याच्या सख्ख्या भावाचं नाव वाचलं. भाऊ समोरच उभा होता, हातात मूठभर माती. कुणी काही बोललं नाही, नंतर भजीचहाही झाला. पण त्या घरात मला पुन्हा कधी मोकळेपणानं बसता आलं नाही. तेव्हापासून मयताचं नाव ठळक अक्षरांत वेगळ्या कागदावर लिहितो आणि विधीच्या आधी घरच्यांना वाचून दाखवतो. पदवी मिळाल्यावर पहिल्याच दफनाला हे करा.

तर 1917. जुलैच्या सुरुवातीला सगळ्यात धाकटा भाऊ एडन बेल्जियममधल्या ईप्र शहराजवळ रात्रीच्या गस्तीवर गेला, जखमी झाला आणि सापडलाच नाही. महिन्याभरात त्याच रणभूमीवर पाशेंडेलची लढाई सुरू झाली. 31 जुलैला नोएलला डोक्याला मार लागला, तरी दोन दिवस तो मागे गेला नाही. काबीज केलेल्या एका जर्मन भुयारात जखमींवर उपचार करत राहिला, बाहेर जाऊन त्यांना शोधत राहिला. मग त्या भुयारातच तोफगोळा येऊन पडला. पोटाला जखम झाली आणि 4 ऑगस्टला ब्रांडहुकच्या रुग्णालयात तो गेला. दुसरा क्रॉस मरणोत्तर. ख्रिस्तोफर तेव्हा बत्तीस वर्षांचा होता, त्याच फळीवर, दुसऱ्यांच्या भावांची दफनं करत. त्याच वर्षी त्यालाही जखमींच्या शोधासाठी मिलिटरी क्रॉस मिळाला, पुढे फ्रेंचांचा क्रॉ द गेर. उरलेला भाऊ बर्नार्ड, तोही डॉक्टर, त्यालाही मिलिटरी क्रॉस. पदकांची यादी इथेच संपवा. भाषणात एकदा वाचा आणि पुढे जा.

आता मला जे खरं सांगायचंय ते. युद्धातून परत आलेल्या चॅपलेनांबद्दल आपण दोन साचे वापरतो: एक, त्यांची श्रद्धा तावून सुलाखून निघाली, दुसरा, त्यांची श्रद्धा मोडली. ख्रिस्तोफर दोन्हींत बसत नाही. त्याने युद्धातून एक हिशोब घरी आणला, असं मी त्याचं आयुष्य वाचतो. ज्यांना इंग्लंडच्या चर्चने बाप्तिस्मा दिला होता, ज्यांच्या चकतीवर त्या चर्चचं नाव कोरलेलं होतं, त्या लाखो पोरांना त्या चर्चबद्दल जवळजवळ काहीच माहीत नव्हतं. 1919 मध्ये सैनिकांच्या धर्मजीवनाची एक मोठी पाहणी छापून आली, तीही हेच सांगते: देवाबद्दल वैर नाही, धैर्य आणि मैत्री भरपूर, पण चर्च काय म्हणतं याचा पत्ता नाही. चकतीवर धर्म कोरलेला असणं आणि आत काही असणं यातलं अंतर दफनाच्या वेळी पाद्रेला जितकं दिसतं तितकं कुणाला दिसत नाही.

यानंतरची त्याची सगळी पावलं त्या हिशोबानं पाहा. 1919 मध्ये बिअॅट्रिस विलिंकशी लग्न झालं. मंडळी मिळाली बॅरो-इन-फर्नेसमधली, जहाजबांधणीचं गाव, युद्ध संपल्यावर कामगारांच्या हातचं काम गेलेलं. 1922 मध्ये तो ऑक्सफर्डला सेंट ऑल्डेट्समध्ये रेक्टर म्हणून आला, विद्यार्थ्यांच्या ऐन मध्यात. तिथे म्हाताऱ्या वडिलांनी आणि त्याने एक योजना आखली: ऑक्सफर्डचा खर्च ज्यांना झेपत नाही अशा मुलांसाठी नवीन संस्था काढायची. जागा कोणती, तर वडिलांची जुनी सेंट पीटर-ले-बेलीची, जिथे जुळी मुलं जन्मली तोच रस्ता. 1928 मध्ये वडील वारले. 1929 मध्ये सेंट पीटर्स हॉल उघडलं आणि ख्रिस्तोफर पहिला मास्टर, म्हणजे प्रमुख, झाला. दहा वर्षं त्याने पैसे मागत, इमारती बांधत काढली. आज ते सेंट पीटर्स कॉलेज आहे. विद्यापीठात नापास झालेला मुलगा त्याच विद्यापीठातल्या संस्थेचा पहिला प्रमुख, हे वर्गात सांगा. मागच्या बाकावरचे खूश होतील.

1940 मध्ये तो रॉचेस्टरचा बिशप झाला. वर्ष बघा. हा धर्मप्रांत म्हणजे केंटचा पश्चिम भाग. चॅटमची नौदलाची गोदी त्यात, बिगिन हिलचा विमानतळ त्यात; त्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या आकाशातली लढाई ऐन त्याच्या मंडळ्यांच्या डोक्यावर चालली होती. 1944 मध्ये लंडनकडे निघालेले उडते बॉम्ब याच वाटेने यायचे आणि बरेच वाटेतच पडायचे. पहिल्या युद्धात पाद्रे युद्धाकडे गेला होता, दुसऱ्यात युद्ध बिशपाच्या दारात आलं. 1942 मध्ये होडीच्या अपघातात झालेल्या दुखापतीने त्याचा एक पाय कापावा लागला, आणि त्यानंतरची अठरा वर्षं बिशपपद त्याने लाकडी पायावर सांभाळलं.

याच काळात इंग्लंडच्या चर्चच्या सभेने सुवार्ताप्रसारावर एक आयोग नेमला आणि अध्यक्षपद ख्रिस्तोफरकडे आलं. 1945 मध्ये अहवाल निघाला, त्या चर्चचे प्रमुख, नुकतेच वारलेले आर्चबिशप टेंपल, यांना अर्पण केलेला. नावाचा अर्थ साधारण ‘इंग्लंडच्या परिवर्तनाकडे’. आपल्याकडे ‘कन्व्हर्जन’ हा मूळ इंग्रजी शब्द ऐकला की लोकांना धर्मांतर आठवतं आणि तुमच्या वर्गातही कुणीतरी तो धागा ओढेल. तेव्हा स्पष्ट सांगा: हा अहवाल परधर्मीयांबद्दल नव्हता, आपल्याच बाप्तिस्मा झालेल्या माणसांबद्दल होता. त्यातला अंदाज असा की लोकसंख्येतले 10 ते 15 टक्के कुठल्या ना कुठल्या चर्चशी खरोखर बांधलेले आहेत, आणि 45 ते 50 टक्के उदासीन, वैर नाही पण ओढही नाही. खंदकातला तोच हिशोब, तीस वर्षांनी, आता टक्केवारीसकट. स्वतःच्या घरात माणसं नाहीत हे एखाद्या संस्थेनं छापून सांगणं सोपं नसतं. आपल्या सी.एन.आय.मध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये), 1970 ला नागपुरात सगळे पंथ एकत्र आल्यापासून, असा अहवाल कुणी मागितलेला मला आठवत नाही.

अहवालाचं पुढे काय झालं हेही लपवू नका. खप दणदणीत झाला, चर्चा झाली, आणि मग चर्चच्या वरिष्ठांनी आपली शक्ती चर्चच्या कायद्यांच्या सुधारणेत घातली. बराचसा अहवाल कपाटात गेला. माझ्या मते दोष पूर्ण वरिष्ठांचाही नाही. रोग ओळखण्यात अहवाल जबरदस्त आहे, औषध सांगताना मात्र जाहिराती, सिनेमा, वृत्तपत्रं, समित्या असं पसरट होतं. ज्याने जखमींची पत्रं लिहून दिली त्याच्या हातून औषधाचं पान याहून बरं उतरायला हवं होतं, असं मला दर वेळी वाटतं.

1960 मध्ये तो निवृत्त झाला आणि 10 मार्च 1962 रोजी वारला.

भाषणासाठी चित्रं दाखवणार असाल तर दोनच घ्या. ब्रांडहुकच्या दफनभूमीत नोएलचा दगड आहे, त्यावर व्हिक्टोरिया क्रॉस दोन कोरलेले. आणि ईप्रच्या मेनिन गेट या स्मारक-कमानीवर एडनचं नाव आहे, कबर नसलेल्या 54,000 हून अधिक नावांत. त्याच भिंतींवर चारशेहून अधिक हिंदी सैनिकांची नावंही आहेत. एका घरातले दोन भाऊ, एक अवघ्या जगात माहीत असलेल्या दगडाखाली आणि दुसरा फक्त अक्षरांत. जिवंत राहिलेल्या ख्रिस्तोफरने आपल्या मुलाचं नाव नोएल ठेवलं. पुढच्या युद्धात तो नोएल ब्रिटिश सेनापती माँटगोमेरींचा एडीसी (खास मदतनीस अधिकारी) होता. ते वीस मिनिटांत बसवायचं की नाही ते तुम्ही ठरवा.